रोजच्या वापरात मनगटी घड्याळ किती अचूक चालतं, आणि किती चालायला हवं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पन्नाशीनिमित्त मुलांनी एनएच ३५ मशीनचं (म्हणजे आतल्या यंत्राचं) जपानी ऑटोमॅटिक घड्याळ दिलं, ते रोज बारा-पंधरा सेकंद पुढे जातं. त्याच्या दहाव्या हिश्शाच्या किमतीचं जुनं सेलवरचं घड्याळ मात्र महिनाभरात पंधरा-वीस सेकंदांपलीकडे हलत नाही. वडिलांचं एचएमटी जनता दिवसाला तीन मिनिटं मागे पडतं. दुकानदार म्हणतो, ‘ऑटोमॅटिकला एवढं चालायचंच.’ तो टोलवतोय, की खरंच तसं असतं? आणि नाशकात कोणाकडून ते ‘सेट’ करून मिळेल का?

दुकानदार खरं बोलतोय. ऑटोमॅटिक ठणठणीत आहे, सेलवालं आपल्या जातीप्रमाणे चाललंय आणि जनताला सर्व्हिसिंग हवंय. पण एवढ्यावर थांबता येत नाही. नाशकात घड्याळं दुरुस्त करताना मी वारंवार पाहतो की सेट करून नेलेलं घड्याळ घेऊन गिऱ्हाईक चार दिवसांनी परत येतं, तेव्हा बहुतेक वेळा घड्याळ चुकलेलं नसतं, मोजणी चुकलेली असते.

आधी हिशेब करू. दिवसाचे सेकंद ८६,४००. तुमचं मशीन तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ६ आणि दिवसाला ५,१८,४००. बारा सेकंद पुढे जाणं म्हणजे दिवसभरात ७२ ठोके जास्त पडणं. वीस मिनिटांत एक ठोका जादा. केसाहून बारीक स्प्रिंग (हेअरस्प्रिंग), मागेपुढे झुलणारं एक छोटं चाक (बॅलन्स) आणि तेलाचे काही थेंब यांच्या जोरावर हे काम चालतं. या मशीनची कंपनीने दिलेली मर्यादाच दिवसाला −२० ते +४० सेकंद आहे. मियोटा ८२१५ या दुसऱ्या लोकप्रिय जपानी मशीनचीही तीच. म्हणजे +१२ वर चालणारं तुमचं घड्याळ मर्यादेच्या अगदी मधल्या पट्ट्यात आहे.

महागड्या स्विस घड्याळांचं काय? स्वित्झर्लंडमध्ये सीओएससी ही संस्था १९७३ पासून मशीनं तपासून ‘क्रोनोमीटर’ दाखला देते. तपासणी १५ दिवस, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि ८, २३, ३८ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांत होते. मोठ्या मशीनसाठी दिवसाचा सरासरी दर −४ ते +६ सेकंदांत बसावा लागतो. रोलेक्स स्वतःच्या घड्याळांना −२ ते +२ ची अट लावतं, ओमेगाची मेटास (स्वित्झर्लंडची सरकारी मोजमाप संस्था) तपासणी केलेली घड्याळं ० ते +५ मध्ये असतात. मेटासमध्ये मागे पडायला परवानगीच नाही, सीओएससीतही पुढच्या बाजूला दोन सेकंद जास्त सोडलेत. ते बरोबरच आहे. नाशिकरोडला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडणाऱ्याला थोडं पुढे असलेलं घड्याळ चालतं, मागे असलेलं चालत नाही. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. सीओएससीची तपासणी केसबाहेरच्या नुसत्या मशीनची असते, प्रयोगशाळेतल्या कपाटात. तुमच्या मनगटाची तपासणी कोणीच केलेली नसते.

किंमत जास्त म्हणजे अचूकता जास्त, हा समज खरं तर १९६९ सालीच संपायला हवा होता. त्या वर्षी २५ डिसेंबरला सिकोने अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ (स्फटिकाच्या थरथरण्यावर, सेलने चालणारं) टोकियोत विक्रीला काढलं. महिन्याला ±५ सेकंद. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळच्या एका लहान मोटारीएवढी. आज तेच तत्त्व काही शे रुपयांच्या घड्याळात बसतं आणि महिन्याला ±१५ ते २० सेकंदांत चालतं. लाखाचं यांत्रिक घड्याळ त्याच्याशी अचूकतेत स्पर्धा करूच शकत नाही. ते कोणी अचूकतेसाठी घेतही नाही. यांत्रिक घड्याळ आवडतं म्हणून घ्यावं. मला आवडतात. पण ‘एवढे पैसे दिले तर एक सेकंदही फरक नको’ हे म्हणणं दुकानात ऐकलं की मी सेलवरच्या घड्याळाकडे बोट दाखवतो.

आता सेलवरच्या घड्याळांविषयी सांगतो, कारण त्यांची दुखणी वेगळी आणि ओळखायला सोपी असतात. आत ट्यूनिंग फोर्कच्या आकाराचा क्वार्ट्‌झचा इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. सर्किट हा आकडा पंधरा वेळा निम्मा करतं आणि शेवटी सेकंदाला एक धक्का उरतो. तो धक्का छोट्या मोटरला मिळतो आणि काटा एक घर पुढे सरकतो. म्हणून सेलवरचं घड्याळ दिवसाला एक-दोन मिनिटं मागे पडायला लागलं तर दोष स्फटिकाचा जवळपास कधीच नसतो. धक्के बरोबर निघत असतात, पण काटा काही धक्के गाळत असतो. सेल उतरलेला, दातांत घाण, एक काटा दुसऱ्याला किंवा काचेला घासतोय, असं काहीतरी. सेल सिल्व्हर ऑक्साइडचा असेल, म्हणजे त्यावर एसआर ६२६ सारखं नाव असेल, तर तो १.५५ व्होल्ट बराच काळ सरळ धरतो आणि मग एकदम पडतो. एलआर नावाचा स्वस्त अल्कलाइन सेल सुरुवातीपासून हळूहळू उतरत जातो आणि पुढे आत गळतोही. वीस-तीस रुपये वाचवायला तो टाकून घेऊ नका, मशीन जातं. सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागला तर घाबरू नका. अनेक घड्याळांत ती सेल संपत आल्याची खूण असते, वेळ तोवर बरोबरच असते.

सेलवरचं घड्याळ रोज मिनिटाने पुढे जातंय असं कोणी सांगितलं, तर मी आधी विचारतो की घरात कोणी काटे फिरवले का. धक्के गाळता येतात, जादाचे आणायचे कुठून?

तापमान मात्र क्वार्ट्‌झला कळतं, आणि नाशिकच्या हवेत ते दिसतं. हा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत जलद थरथरतो. त्याच्या वर जा किंवा खाली, दोन्हीकडे तो मंदावतो, आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो. दहा अंशांचा फरक पडला तर दिवसाला साधारण ०.३ सेकंद, म्हणजे महिन्याला नऊएक सेकंद. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी झाला की घरातल्या कपाटाचं तापमानही पंधरावर येतं. हातात घातलं की शरीराच्या उबेने घड्याळ तिशीच्या आसपास राहतं आणि दर सुधारतो. म्हणून एकच घड्याळ ‘घातलं की बरोबर, ठेवलं की मागे’ असं वागतं. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते साठ अंशांना पोचलं तर दिवसाला साडेतीन-चार सेकंद मागे पडू शकतं. डिजिटल घड्याळाचा पडदा त्या उष्णतेने काळा पडतो ते वेगळंच.

तापमानाची भरपाई करणारी क्वार्ट्‌झ घड्याळंही मिळतात. ग्रँड सिकोचं ९एफ मशीन वर्षाला ±१० सेकंद. सिटिझनने २०१९ मध्ये ०१०० नावाचं मशीन आणलं, वर्षाला ±१ सेकंद. त्यातला स्फटिक सेकंदाला तब्बल ८३,८८,६०८ वेळा थरथरतो. मनगटावर स्वतःच्या जोरावर चालणारं याहून अचूक काही सहज मिळत नाही. परदेशातून लोक रेडिओ-सिग्नलवर जुळणारी कॅसिओ आणतात आणि ‘इथे सिग्नल घेत नाही’ म्हणून दाखवायला येतात. घड्याळ चांगलं असतं. त्याला लागणारे दीर्घ लहरींचे संकेत जपान, चीन, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतून निघतात, आपल्याकडे तसं केंद्र नाही. इथे ते साध्या क्वार्ट्‌झसारखं चालतं. फोनवरून ब्लूटूथने किंवा उपग्रहावरून वेळ घेणारं मॉडेल असेल तर ते इथेही जुळतं.

पुन्हा तुमच्या ऑटोमॅटिककडे वळतो.

एकाच दिवसाच्या मोजणीवर काहीही ठरवू नका. सकाळी फोनवरच्या वेळेशी जुळवायचं, संध्याकाळी पाहायचं, ‘आठ सेकंद पुढे!’ म्हणून त्याचे दिवसाला सोळा करायचे, ही पद्धत चुकीची आहे. दिवसभर घड्याळ हातात होतं, चावी भरलेली होती. रात्री ते टेबलावर पडणार आहे आणि तेव्हा त्याचा दर वेगळा असणार आहे. एक सोपी पद्धत सांगतो. फोनची वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू ठेवा आणि सेकंद दाखवणारं एखादं अ‍ॅप किंवा वेळेची वेबसाइट उघडा. एनएच ३५ मध्ये क्राऊन (बाजूची चावी द्यायची गुंडी) पूर्ण बाहेर ओढला की सेकंदकाटा थांबतो, त्यामुळे ते सेकंदावर जुळवता येतं. जुळवून सोडून द्या. मग रोज सकाळी ठरावीक वेळी, चहा पिताना म्हणा, फोनचे सेकंद आणि घड्याळ एकत्र दिसतील असा फोटो काढा. डोळ्यांनी वाचण्यापेक्षा फोटो बरा. आठवडाभर क्राऊनला हात लावायचा नाही, आणि घालण्या-काढण्याची तुमची नेहमीची सवय बदलायची नाही.

आठवड्यानंतर कागदावर दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे सरासरी. दुसरी म्हणजे रोजच्या आकड्यांतली उडी, आणि माझ्या लेखी तीच महत्त्वाची. समजा एक घड्याळ पाच दिवस +१४, +११, +१३, +१२, +१५ असं चाललं. सरासरी +१३. दुसरं +१८, −१६, +५, +२२, −९ असं चाललं. सरासरी +४, म्हणजे कागदावर क्रोनोमीटरच्या पंगतीतलं. मला विचाराल तर पहिलं घड्याळ निरोगी आहे आणि दुसरं आजारी. पहिल्याचा रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करायची आतली छोटी दांडी) जरासा मागे सरकवला की ते दोन-तीन सेकंदांत येईल आणि तिथेच राहील. दुसऱ्याला कितीही सेट करा, ते उद्या कुठे असेल हे मीही सांगू शकणार नाही. त्याच्या झोक्यात, तेलात किंवा हेअरस्प्रिंगमध्ये काहीतरी आहे. तुमचं घड्याळ रोज बारा ते पंधराच्या दरम्यान पुढे जातंय असं तुम्ही लिहिलंत, ते वाचूनच मी सुरुवातीला ठणठणीत म्हटलं.

उड्या का पडतात हे कळायला बॅलन्स म्हणजे काय ते कळायला हवं. ते झुलणारं छोटं चाक एक झोपाळा समजा: प्रत्येक झोक्याला तेवढाच वेळ लागावा अशी अपेक्षा, मग झोका मोठा असो की लहान. प्रत्यक्षात मोठ्या आणि लहान झोक्याच्या वेळात किंचित फरक पडतोच. चावी पूर्ण भरलेली, घड्याळ आडवं, तेल चांगलं असेल तर झोका २५० ते ३०० अंशांचा असतो. घड्याळ उभं धरलं की चाकाची टोकं छिद्राच्या कडेला घासतात, झोका कमी होतो आणि दर बदलतो. बहुतेक वेळा थोडा मंदावतो. चावी संपत आली की झोका आणखी कमी होतो. म्हणजे ‘दिवसाला किती सेकंद’ या प्रश्नाचं उत्तर घड्याळ कोणत्या स्थितीत किती वेळ असतं यावर ठरतं.

डाव्या हातात घड्याळ घालून हात खाली सोडला की क्राऊन जमिनीकडे असतो. उजव्या हातात घातलं तर तोच क्राऊन वर. एकच घड्याळ हात बदलल्यावर पाच-सहा सेकंदांनी वेगळं चालू शकतं ते यामुळे. की-बोर्डवर काम करणाऱ्याचं घड्याळ बराच वेळ डायल वर किंवा तिरकं असतं. गाडीच्या स्टिअरिंगवर हात असला तर बाराचा आकडा खाली आणि सहाचा वर अशी स्थिती येते. म्हणूनच तपासणीत ‘बारा वर’ ही स्थिती धरत नाहीत. आपल्याला भिंतीवरच्या घड्याळामुळे ती नैसर्गिक वाटते, पण मनगटावर ती क्वचितच येते.

यातून घरच्या घरी करता येण्यासारखा एक उपाय निघतो. रात्री घड्याळ कसं ठेवता ते बदलून पाहा. तीन रात्री डायल वर, तीन रात्री क्राऊन वर करून उभं, तीन रात्री क्राऊन खाली. प्रत्येक वेळी झोपताना आणि उठल्यावर फोटो काढा. एखाद्या स्थितीत ते रात्रभरात चार-पाच सेकंद मागे जात असेल तर दिवसभरात पुढे गेलेले सेकंद तिथे भरून निघतात. बारा सेकंदांचे सात-आठ करायला एवढं पुरतं, रेग्युलेटरला हात लावावा लागत नाही. मात्र कोणती स्थिती कोणत्या घड्याळाला मागे नेते ते घड्याळागणिक वेगळं असतं. ‘उपडं ठेवा म्हणजे बरोबर येईल’ असा सरसकट सल्ला देणाऱ्याने तुमचं घड्याळ पाहिलेलं नसतं.

ऑटोमॅटिक हातात असलं म्हणजे चावी भरतेच असंही नाही. बँकेत किंवा ऑफिसात दिवसभर बसून काम, घरी येताच घड्याळ काढून ठेवायचं, असा दिनक्रम असेल तर रोटर (हात हलला की फिरून चावी भरणारं आतलं वजन) पुरेसा फिरत नाही. तुमच्या मशीनचा साठा पूर्ण भरल्यावर ४१ तासांचा. शुक्रवारी रात्री काढून ठेवलंत तर रविवारी दुपार-संध्याकाळपर्यंत बंद. अर्धवट भरलेलं असेल तर शनिवारीच. सोमवारी सकाळी हलवून चालू करून लगेच हातात घालण्याऐवजी क्राऊनने वीस-तीस वेळा चावी द्या. एनएच ३५ हाताने चावी घेतं, ती सोय वापरा. ‘सोमवारी विचित्र चालतं, गुरुवारी सुधारतं’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे सापडतं.

स्कूटर-बुलेटच्या हादऱ्यांची लोकांना फार काळजी वाटते. रस्त्याचे हादरे मनगटापर्यंत येताना बरेच मरतात, त्याने दर फारसा बदलत नाही. ढोल मात्र काढून ठेवून वाजवा. नाशिक ढोलच्या पथकातली मुलं गणपतीनंतर येतात: रोटर खडखडतोय, घड्याळ एकदम दोन मिनिटं पुढे, कधी सेकंदकाटाच निसटलेला. तासन्‌तास मनगटाला बसणाऱ्या ठोक्यांनी रोटरचा स्क्रू सैल होतो, रेग्युलेटर सरकतो, हेअरस्प्रिंगचे वेढे अडकतात. मशीनमधली डायाशॉक किंवा इन्काब्लॉक ही व्यवस्था बॅलन्सची टोकं मोडण्यापासून वाचवते, हेअरस्प्रिंगला वाचवत नाही.

हल्ली दर अचानक बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण लोहचुंबक आहे. कालपर्यंत +१० वर चालणारं घड्याळ आज दिवसाला पाच-सात मिनिटं पुढे जायला लागलं आणि ते पडलंही नव्हतं, तर पहिला संशय तिथेच घ्या. हेअरस्प्रिंग चुंबकीय झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळायला लागतं. चुंबक कुठे असतात? फोनच्या फ्लिप कव्हरमध्ये, टॅबच्या की-बोर्डमध्ये, ब्लूटूथ स्पीकरमध्ये, पर्सच्या झाकणात, फोनच्या मागे चिकटणाऱ्या चार्जरमध्ये. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सरफेस ग्राइंडरवर काम करणाऱ्यांच्या हाताखाली तर मॅग्नेटिक चकच असतो. त्यांनी ऑटोमॅटिक लॉकरमध्ये ठेवून कामावर जावं आणि तिथे सेलवरचं वापरावं, असं मी त्यांना सांगतो. सेलवरचं घड्याळ चुंबकाजवळ मागे पडेल किंवा थांबेल, पण दूर नेलं की बहुधा पुन्हा नीट चालतं. यांत्रिक घड्याळात चुंबकत्व मुक्काम करतं. साध्या ‘चुंबकरोधक’ घड्याळाची आंतरराष्ट्रीय मर्यादा साधारण ६० गॉस (चुंबकाचा जोर मोजायचं एकक) आहे, स्पीकरचा चुंबक अगदी चिकटवला तर तो त्याच्या कितीतरी पट भरतो. दिलासा एवढाच की अंतर वाढलं की जोर झपाट्याने कमी होतो, वीतभर लांब ठेवलं तरी पुरतं. तपासायला शाळेतलं होकायंत्र घ्या आणि घड्याळ त्यावरून हळू फिरवा. सुई जोरात नाचली तर डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व उतरवणाऱ्या यंत्रावर) धरायला लागेल. काम काही सेकंदांचं, त्यासाठी कोणी ‘पूर्ण मशीन उघडावं लागेल’ म्हणालं तर दुसरीकडे जा.

यांत्रिक घड्याळाला तापमानाची झळ आता फारशी बसत नाही. पूर्वी बसायची. निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूंवर काम करून शार्ल एदुआर गियोमने हेअरस्प्रिंगचा हा प्रश्न बराचसा सोडवला, आणि त्या मिश्रधातूंसाठी त्याला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आता थंडी-उन्हाळ्याचा फरक मुख्यतः तेलामुळे जाणवतो. जुनं तेल थंडीत दाट होतं आणि झोका मरतो. जानेवारीच्या पहाटे मागे पडणारं आणि दुपारी सुधारणारं घड्याळ सर्व्हिसिंग मागत असतं.

नाशकात सेट करून मिळेल का? मिळेल. मेनरोड, रविवार कारंजा, नाशिकरोड, कॉलेजरोड, सगळीकडे काम जाणणारी माणसं आहेत. जाण्याआधी विचारा की टाइमिंग मशीन (ठोके ऐकून दर दाखवणारं यंत्र) आहे का आणि ते घड्याळ किमान चार स्थितींत धरून दाखवतात का. नुसतं डायल वर ठेवून पडद्यावर सरळ रेघ दाखवली आणि ‘शून्य केलं’ म्हटलं, तर ते टेबलावरचं शून्य आहे. मनगटावर ते −१० निघू शकतं. तुमचा आठवड्याचा कागद सोबत न्या. कारागिराने टाइमिंग मशीनवरचा आकडा शून्य करायचा नाही, तुमच्या कागदावरचा फरक वजा करायचा. टाइमिंग मशीनवर आज +१० दिसतंय आणि मनगटावर सरासरी +१३ येतेय, तर मशीनवर −३ ला आणून सोडायचं, म्हणजे मनगटावर शून्याच्या जवळ येईल. मी −१ किंवा ० ला सोडतो, रोज दोन-तीन सेकंद पुढे गेलेलं लोकांना सोसतं. मग आणखी एक आठवडा मोजून गरज पडली तर दुसऱ्यांदा हात लावायचा. वॉरंटीत असताना बाहेर उघडू नका, आधी कंपनीच्या सेंटरला विचारा. आणि यूट्यूब पाहून स्वतः रेग्युलेटर सरकवू नका. तो केसाएवढा हलवायचा असतो, आणि शेजारी लगेच हेअरस्प्रिंग असते.

बारा सेकंदांनी अडतं काय, हेही बघा. रोज १२ म्हणजे आठवड्याला ८४. रविवारी जुळवलंत तर शनिवारपर्यंत दीड मिनिटाच्या आत. नाडी मोजायला तर कोणतंही चालू घड्याळ पुरतं, मिनिटभरात या चुकीचा सेकंदाचा शंभरावा भागही होत नाही. मुहूर्ताच्या बाबतीत सेकंद मोजणारे खूप भेटतात. मुंबईच्या सूर्योदयावरून काढलेली वेळ ते नाशकात तशीच लावतात. नाशिक मुंबईच्या पूर्वेला सुमारे ०.९ रेखांश, म्हणजे सूर्य इथे साडेतीन मिनिटं आधी. तो फरक कोणत्याही कारागिराला सेट करता येत नाही.

आता वडिलांचं जनता. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता त्याच घराण्यातलं: हाताने चावी द्यायचं, १७ ज्वेलचं (झीज कमी करणाऱ्या खड्यांचं), तासाला १८,००० ठोक्यांचं साधं आणि सरळ मशीन. दिवसाला तीन मिनिटं मागे म्हणजे रेग्युलेटरचा प्रश्न नाही. तेल सुकलंय, झोका मेलाय. कोणी नुसता रेग्युलेटर ‘फास्ट’कडे ढकलून दिलं तर चार दिवस वेळ बरोबर दिसेल, पण घासणं चालूच राहील आणि टोकं झिजतील. मशीन पेट्रोलमध्ये बुडवून, वाळवून, वरून तेलाचा थेंब सोडून देण्याची पद्धतही अजून आहे. दोन-तीन महिने छान चालतं, मग पुन्हा तेच, कारण घाण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाते आणि मेन स्प्रिंगचा (चावीने भरणाऱ्या स्प्रिंगचा) डबा उघडलेलाच नसतो. मशीन पूर्ण सुटं करणार का, मेन स्प्रिंगचा डबा उघडून पाहणार का, एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडे देऊ नका. आणि डायल रंगवून ‘नवीन’ करून देतो म्हणाले तर नको म्हणा. बाजारात ‘नवीन जनता’ म्हणून विकली जाणारी बरीच घड्याळं अशीच चार घड्याळांचे भाग जोडून, डायल रंगवून तयार झालेली असतात. तुमच्याकडे वडिलांच्या हातातलं अस्सल आहे.

नीट सर्व्हिसिंग झाल्यावर जनताकडून दिवसाला वीस-तीस सेकंदांच्या आतली चाल मागायला हरकत नाही, झीज कमी असेल तर पंधरापर्यंतही येतं. चावी रोज सकाळी ठरावीक वेळी, अडेपर्यंत द्या. अडल्यावर जोर लावू नका. रात्री दिली तर स्प्रिंगचा भरलेला, जोमदार काळ झोपेत जातो आणि दिवसा हात हलत असताना ती उतरणीला लागलेली असते. यात क्राऊन ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे सेकंद जुळवायच्या नादी लागू नका. सेकंदकाटा साठावर असताना मिनिटकाटा रेघेवर आणा आणि उरलेला फरक वहीत टिपून ठेवा.